आलं तसं पुढे

खट्.

समोरच्या खोलीत दोऱ्याचं रीळ पडलं, फरशीवरून घरंगळत मधल्या दारातून आत आलं आणि माझ्या टेबलाच्या पायाला टेकून थांबलं. मागे निळा दोरा लांबच लांब. दुपारची वेळ, घर चिडीचूप. शिवणयंत्रही नेमकं थांबलेलं. मी की-बोर्डवरची बोटं उचलली आणि वाट बघत बसले, कारण आता काय होणार ते मला ठाऊक होतं.

"भिंगरे!" सासूबाईंची हाक आली. "जा, आजोबांना सांग, खिडकी सताड उघडी टाकून गेलात, वाऱ्यानं माझं सगळं सामान उडतंय."

भिंगरी म्हणजे माझी लेक. पाचवं लागायचंय अजून. ती माझ्याच टेबलाखाली बाहुलीला निजवत बसली होती. रीळ उचलून आजीला देऊन आली आणि तशीच मागच्या गॅलरीकडे पळाली. तिथे सासरे पेपर वाचत बसले होते. तिनं एक हात कमरेवर ठेवला, हुबेहूब आजीसारखी मान उडवली आणि म्हणाली, "आजोबा, खिडकी सताड उघडी टाकून गेलात, वाऱ्यानं माझं सगळं सामान उडतंय."

"तुझं कसलं सामान?"

"माझं नाही हो. आजीचं. पण आजीनं माझं म्हटलं."

सासऱ्यांनी पेपरातून डोकं काढलं नाही. "सांग तिला, हात आहेत ना? मग लावून घे म्हणावं."

भिंगरी परत पळाली. मी पुन्हा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे वळले.

आमच्या घरात ओळीनं तीन खोल्या आहेत. रस्त्याकडच्या खोलीत सासूबाईंचं शिवणकाम, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून गॅलरी, आणि या दोन्हींच्या मधे माझी खोली. सासऱ्यांना एका कानानं कमी ऐकू येतं आणि सासूबाईंचं मोटरचं मशीन सुरू झालं की त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. त्यामुळे दोन्हीकडचं सगळं ऐकू येणारी घरात मी एकटीच. भांडण नव्हतं तेव्हाही "काय म्हणतायत गं ते?" असं मला विचारलं जायचंच. आता भांडण होतं, आणि मी कामात होते. म्हणून भिंगरी.

भांडणाचं कारण एक जुनं पायाचं मशीन. सासूबाई त्यावर शिवण शिकल्या, त्यावर त्यांनी मुलगा वाढवला, आणि मोटरचं नवीन मशीन आल्यावर ते बोळकांडीत भिंतीला लावून ठेवलं होतं. येता-जाता सासऱ्यांचा गुडघा त्यावर आपटायचा. एक दिवस सासूबाई गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला गेल्या असताना त्यांनी ते भंगारवाल्याला देऊन टाकलं. वर भिंगरीच्या तीनचाकी सायकलला जागा झाली म्हणून खूश. सासूबाई घरी आल्या, बोळकांडीकडे बघितलं, पर्स खुंटीला अडकवली आणि गप्प झाल्या. आरडाओरडा नाही, रडणं नाही. सासऱ्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग तेही फुगले. सासरे आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले, आणि पाट्यांचे पैसे अक्षरावर ठरतात. सासूबाई पूर्वी थट्टेनं म्हणायच्या, अक्षरामागे पैसे घेणारा माणूस घरी फुकट कशाला बोलेल. आता ती थट्टाही बंद.

भिंगरीचा बाबा डोंगरात बोगद्याच्या कामावर असतो, अधूनमधून येतो. त्याला फोनवर सांगितलं तर हसला. "आई-बाबा ना? बोलतील गं. पलीकडून उजेड दिसला की बोलतील."

"तुझ्या बोगद्यात दिसतो का?"

"अजून नाही," म्हणाला.

भिंगरीला सांभाळायला मला मात्र त्या दोघांची गरज होती आणि ती आत्ताच होती. भिंगरी झाल्यावर मी नोकरी सोडली होती. आता जुन्या मॅडमनी निरोप धाडला होता की अर्धवेळ काम आहे, घरून करता येईल, पण वरच्यांना पटवायचं तर आधी एक छोटं काम करून दाखव. शुक्रवारी दुपारी दाखवायचं. जमलं तर जागा तुझी, नाही जमलं तर ते कार्यालयात येऊन बसणारं माणूस घेतील. कार्यालयात जाऊन बसणं मला शक्य नव्हतं आणि हे काम सोडणंही शक्य नव्हतं. इतक्या दिवसांनी कोणीतरी माझ्याकडे जेवणाचं किंवा झोपेचं सोडून काहीतरी मागत होतं.

काम म्हणजे एक प्रॉक्सी. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये जुनी यंत्रं असतात. ती आपले आकडे एकाच पत्त्यावर पाठवतात, कारण बसवताना कोणीतरी तो पत्ता त्यांच्या पोटात घालून ठेवलेला असतो. आता तिकडचा सर्व्हर हलला, आणि यंत्रांना ते सांगायची सोय नाही. म्हणून जुन्या पत्त्यावर एक मधला बसवायचा. यंत्रानं दार वाजवलं की त्यानं दार उघडायचं, ते म्हणेल ते नव्या सर्व्हरला नेऊन द्यायचं, सर्व्हर म्हणेल ते यंत्राला आणून द्यायचं. यंत्राला वाटतं आपण सर्व्हरशीच बोलतोय, सर्व्हरला वाटतं आपण यंत्राशीच बोलतोय. मधला कोणालाच दिसत नाही.

"आणि एक लक्षात ठेव हं," मॅडम म्हणाल्या होत्या, "मधल्यानं आपली अक्कल चालवायची नाही. आलं तसं पुढे. रक्ताचे आकडे आहेत ते. एक टिंब इकडचं तिकडे झालं तर कोणाला तरी भलतंच औषध जाईल."

"हो मॅडम."

"आणि एका यंत्रासाठी बाकीच्यांना ताटकळत ठेवायचं नाही."

ते मला कोणी शिकवायला नको होतं. सासूबाईंकडे सकाळी एकाच वेळी चार गिऱ्हाइकं येतात. एकीला मापाचा झगा घालून बघायला पडद्यामागे धाडतात, तोवर दुसरीच्या बाह्या मोजतात, इस्त्री तापत असते तेव्हा तिसरीचं बटण लावतात. बाई एकच, हात दोनच, पण कोणी ताटकळत नाही. कारण त्या कोणाकडे बघत नुसत्या उभ्या राहत नाहीत. असिंक्रोनस पद्धतीनं लिहायचं म्हणजे हेच. प्रोग्राम एकच असतो. जिथे वाट बघावी लागणार तिथे त्याला खूण करून ठेवायची: इथे मी थांबलेय, तोवर दुसऱ्याचं बघ, इकडे काही आलं की हाक मार. लिहायला सोपं वाटतं. वेळ मात्र भिंगरीच्या झोपेतून, अंघोळीतून, आजी-आजोबांच्या मांडीवरून उचलून आणायचा.

आणि खरं सांगायचं तर, भांडणामुळे मला वेळ बरा मिळत होता. निरोपांची ने-आण करण्यात भिंगरीची दुपार छान जायची. मी मनात म्हणायचे, मुलीला काम मिळालंय, मलाही मिळेल.

पहिले काही दिवस ती निरोप जसाच्या तसा द्यायची, सुरासकट. आजी नुसतं "हं" म्हणाली तर गॅलरीत जाऊन सांगायची, "आजोबा, आजी म्हणते हं." आजोबा विचारायचे, "कसं हं? रागाचं की कसं?" ती परत जाऊन आजीकडून पुन्हा एकदा हं आणायची.

मग एक दिवस सासूबाईंनी विचारून पाठवलं की मशीन नेमकं कोणत्या भंगारवाल्याला दिलं. सासरे बहुधा ओशाळले असावेत, पण तोंडातून निघालं ते असं: "सांग तिला, भंगारच होतं ते. भंगार भंगारात गेलं."

भिंगरीनं ते तसंच नेऊन दिलं. मोटरचं मशीन थांबलं. बराच वेळ सुरूच होईना, म्हणून मी वाकून दारातून बघितलं. सासूबाई सुईत दोरा ओवत होत्या. दोरा नेढ्यात शिरत नव्हता. भिंगरी शेजारी उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग ती हळूच माझ्याकडे आली, माझ्या मांडीत डोकं खुपसलं आणि म्हणाली, "आई, आजीला सुई दिसत नाहीये."

मी तिच्या केसांतून हात फिरवला. दुसऱ्या हातानं मी एक ओळ लिहीतच होते.

त्यानंतरचा बदल मला उशिरा लक्षात आला. सासरे सकाळचा पहिला कप घेऊन कुरकुरले, "विचार तिला, हा चहा आहे की पातेलं विसळलेलं पाणी?" भिंगरी माझ्या खोलीतून गेली, आणि पलीकडे म्हणाली, "आजी, आजोबा विचारतात चहा अजून आहे का?"

माझी बोटं थांबली.

सासूबाई शिवण बाजूला ठेवून उठल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी दुसरा कप भरला, चमचाभर साखर जास्तीची घातली आणि भिंगरीबरोबर न पाठवता स्वतः गॅलरीच्या दारात ठेवून आल्या. सासरे त्या दुसऱ्या कपाकडे बघतच राहिले. आवडत नसलेला चहा एकदा सोडून दोनदा. त्यांनी तोही प्याला.

दुपारी सासूबाईंचा निरोप: "सांग त्यांना, चष्मा स्वतःच्या नाकावर आहे, घरभर शोधत फिरू नका." गॅलरीत पोचला तो असा: "आजोबा, आजी म्हणते चष्मा तुमच्या नाकावर छान दिसतो."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

मी तिला बोलावून समजवायला हवं होतं. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण घरात कितीतरी दिवसांनी कप बशीवर शांतपणे टेकत होते, पेपर आपटला जात नव्हता, आणि माझा शुक्रवार जवळ आला होता. मी दार हलकेच लोटून घेतलं.

संध्याकाळी तीच माझ्याकडे आली. मांडीवर चढून पडद्यावर बोट ठेवत म्हणाली, "तू काय लिहितेस?"

"एक निरोप्या बनवतेय."

"माझ्यासारखा?"

"हो. तुझ्यासारखाच. इकडचं तिकडे सांगतो, तिकडचं इकडे."

"तो दमतो का?"

"नाही."

"विसरतो?"

"मुळीच नाही. जे आलं ते तसंच पुढे सांगतो. एक अक्षरसुद्धा बदलत नाही," मी म्हटलं, आणि 'एक अक्षरसुद्धा' वर जरा जोर दिला.

तिनं विचार केला. "आणि कोणी वाईट बोललं तर?"

"तरी तेच सांगतो."

"आणि मग दुसरं माणूस रडलं तर?"

"त्याला ते दिसत नाही गं."

"म्हणजे वेडाच आहे तो," भिंगरी म्हणाली आणि मांडीवरून उतरून गेली.

गुरुवारी मी मॅडमना फोन करून म्हटलं, उद्याच्या आधी एकदा खऱ्या यंत्रावर लावून बघू. त्यांनी प्रयोगशाळेतलं एक यंत्र जोडून दिलं. यंत्रानं दार वाजवलं, माझ्या प्रॉक्सीनं दार उघडलं, आणि नंतर काहीच नाही. पडदा जागच्या जागी. माझ्या टेबलावर हजारदा चाललेला प्रोग्राम ढिम्म उभा.

"काय झालं गं?" मॅडमनी विचारलं.

"बघते," मी म्हटलं. माझे कान गरम झाले.

"बघ. पण उद्या सगळे असतील हं."

फोन ठेवला आणि मी लिहिलेलं वरपासून वाचत बसले. काय काय येतं-जातं ते दिसावं म्हणून मी प्रोग्रामला मधे मधे पडद्यावर ओळी छापायला लावल्या. यंत्राचा प्रश्न आलेला दिसत होता. तो सर्व्हरकडे गेलेलाही दिसत होता. सर्व्हरचं उत्तर माझ्या दारात येऊन उभं होतं. ते न्यायला कोणी नव्हतं.

मी लिहिलं होतं: आधी यंत्राचं सगळं बोलणं संपेपर्यंत ऐक, ते संपलं की सर्व्हरचं आण. माझं चाचणीचं खेळण्यातलं यंत्र आपलं बोलून झालं की लगेच तोंड मिटायचं, म्हणून टेबलावर सगळं सुरळीत चाललं. खरं यंत्र एक प्रश्न विचारतं आणि उत्तर येईतो तोंड मिटत नाही. माझा मधला त्याच्या तोंडाकडे बघत उभा होता, आता संपेल, मग संपेल. यंत्र उत्तराची वाट बघतंय, उत्तर मधल्याची वाट बघतंय, मधला यंत्राची. सगळे आपापल्या परीनं शहाण्यासारखे थांबलेले.

उपाय दोन ओळींचा होता. एका जोडणीला एक नाही, दोन हमाल हवेत. एक फक्त इकडून तिकडे, दुसरा फक्त तिकडून इकडे, आणि दोघांना एकाच वेळी सोडायचं. कोणी कोणाचं संपायची वाट बघायची नाही. मी ते बदललं, मॅडमना विचारून पुन्हा जोडलं, आणि प्रश्न-उत्तर, प्रश्न-उत्तर असं पडद्यावर झरझर उतरायला लागलं. हायसं वाटलं. पाणी प्यायला उठले.

स्वयंपाकघराच्या दारात भिंगरी उभी होती. गॅलरीत सासरे खुर्चीत पुढे वाकून बसलेले.

"सांग तिला..." ते म्हणाले आणि थांबले. "नाही, असं सांग... थांब जरा."

भिंगरी थांबली होती. एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेत होती. समोरच्या खोलीतून सासूबाईंची हाक आली, "भिंगरे, आलीस का गं? मला पण सांगायचंय." ती आजीकडे वळली, पुन्हा आजोबांकडे वळली.

"आजोबा, संपलं का?"

"अगं, सुरूच कुठे झालंय," सासरे म्हणाले. त्यांनी पेपराची घडी केली, उलगडली. "राहू दे. जा तू."

ती जाताना मी तिच्याकडे बघितलं. एवढासा चेहरा, कपाळाला आठी घातलेली. निरोप काहीच मिळाला नव्हता, रिकाम्या हातानं निघाली होती. मी ग्लास तसाच ठेवून तिच्या मागे मधल्या खोलीपर्यंत गेले, पण मला मॅडमचा फोन आला, आणि मी तो घेतला. फोनवर "हो मॅडम, चाललंय आता" म्हणताना पलीकडचं ऐकू आलं.

"काय म्हणत होते इतका वेळ?" सासूबाई विचारत होत्या.

"आजोबा म्हणत होते, चुकलं," भिंगरी म्हणाली.

मोटरचं मशीन बंदच होतं. सासूबाईंचा आवाज आला, अगदी खाली. "असं म्हणाले?"

"हं."

"बरं," त्या म्हणाल्या. "बरं. जा, खेळ."

पण भिंगरी खेळायला गेली नाही. ती पुन्हा माझ्या खोलीतून गेली आणि गॅलरीत म्हणाली, "आजोबा, आजी म्हणते तुम्ही मुद्दाम नाही केलं, तिला माहीत आहे."

मॅडम फोनवर उद्याच्या वेळेचं सांगत होत्या. मी "हो, हो" करत राहिले. सासऱ्यांची खुर्ची सरकली. चपला घातल्याचा आवाज, मग मागचं दार. ते बाहेर गेले.

शुक्रवारी सकाळीही ते लवकर बाहेर पडले, जेवायलाही आले नाहीत. सासूबाई कपाळाला हात लावून एकदा दारात डोकावून गेल्या. सासरे कुठे गेले ते त्यांना मला विचारायचं होतं, पण मला कामात बघून परत फिरल्या. भिंगरीला निरोप घेऊन कोणाकडे पाठवू नये, हे आजचं काम दाखवून झालं की सगळ्यांशी नीट बोलायचं, असं मी ठरवलं होतं. दुपारी तिला आजीकडे बसवलं, कापडाचे तुकडे आणि बोथट कात्री दिली, आणि म्हटलं, "आई बोलावेपर्यंत इथेच हं राणी."

"निरोप आला तर?"

"आज निरोप नाही. आज सुट्टी."

पडद्यावर मॅडम होत्या, आणखी तिघं-चौघं होते. मॅडमनी एकेक करून यंत्रं जोडायला सांगितली. पहिलं आलं, दुसरं आलं, मग एकदम पुष्कळ. प्रॉक्सी कोणालाही न अडवता दारं उघडत गेला. त्यांनी एक यंत्र मुद्दाम अर्ध्यात थांबवलं. बाकीची चालूच राहिली. कोणीतरी "वा" म्हणालं. मग आकडे जुळवायचं काम सुरू झालं. यंत्रानं धाडलेलं एकीकडे, सर्व्हरला पोचलेलं दुसरीकडे.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. सासरे आले होते. मी माझा आवाज बंद केला, पण कान कसे बंद करणार? दार अर्धं उघडं होतं. ते घामानं निथळत होते. हातात एक लाकडी खण होता, मशीनच्या बाजूला असतो तो, पितळी कडीचा. त्यातलं एक बॉबिन खुळखुळत होतं. त्यांनी तो सासूबाईंच्या टेबलावर, कापडाच्या ढिगावर ठेवला.

आणि थेट त्यांच्याकडे बघून, मधे कोणीही नसताना, ते म्हणाले, "लोखंड वितळायला गेलं. हा खण राहिला होता. भंगारवाल्याच्या पोरीनं त्यात खडू ठेवले होते."

सासूबाईंनी खणाची कडी हलवली. खण आत-बाहेर करून पाहिला, जणू तो अजून मशीनला लागलेलाच आहे.

"तू म्हणालीस ना, मुद्दाम नाही केलं म्हणून," सासरे म्हणाले. "मग मला घरात बसवेना. दोन दिवस फिरतोय."

"मी? मी कधी म्हणाले?"

"काल. भिंगरीकडून."

"अहो, मी काहीच नाही म्हणाले. तुम्हीच म्हणालात ना, चुकलं म्हणून. ते ऐकून मी रात्रभर..." सासूबाई थांबल्या.

"मी असं नाही म्हणालो," सासरे सावकाश म्हणाले. "म्हणजे, म्हणणार होतो. पण म्हणालो नाही."

दोघांनी एकदमच खाली बघितलं. भिंगरी फरशीवर कापडाच्या तुकड्यांमध्ये बसली होती. तिनं कात्री हळूच खाली ठेवली.

"हिला कोणी शिकवलं हे?" सासूबाईंचा आवाज चढला.

"मला काय विचारतेस? दिवसभर तुझ्याकडे असते."

"माझ्याकडे? गॅलरीत कोण बसवतं मग? आणि चष्म्याचं काय हो? छान दिसतो असं मी कधी म्हणेन का, इतक्या वर्षांत म्हटलंय?"

"तेच तर! मला वाटलंच होतं!"

"आणि तो चहा..."

"तुझा चहा पातळच असतो!"

"मग दोन-दोन कप कशाला ढोसलात?"

खोलीत नुसता कल्ला. कितीतरी दिवसांत त्या घरानं इतके शब्द ऐकले नव्हते. ते एकमेकांच्या तोंडावर बोलत होते, दोघंही एकाच वेळी, कोणी कोणाचं संपायची वाट न बघता. सासऱ्यांनी नकळत स्टूल ओढून बसकण मारली होती. सासूबाईंचा हात त्या खणावरच होता.

पण भिंगरीला यातलं काही दिसत नव्हतं. तिला नुसते चढलेले आवाज ऐकू येत होते. ती कापडांतून उठली, भिंतीच्या कडेकडेनं मधल्या दारातून आत आली आणि माझ्या टेबलाखाली शिरून माझे पाय घट्ट धरून बसली.

पडद्यावर मॅडम हसत होत्या. "ऐकतेस ना गं? सगळं जुळलं. एका टिंबाचाही फरक नाही. जसं आलं तसंच गेलंय." बाकीच्यांतलं कोणी टाळ्या वाजवत होतं. "सोमवारपासून ये. म्हणजे, घरूनच ये."

मी आवाज सुरू केला, "थँक्यू मॅडम" म्हटलं, पुन्हा बंद केला. मग टेबलाखाली वाकले. तिचा चेहरा माझ्या गुडघ्याला चिकटलेला, गाल ओले. मी तिला जवळ ओढलं.

"आजी-आजोबा तुझ्यावर रागावले नाहीत गं," मी म्हटलं. "बघ ना, बोलतायत ते."

तिनं मान हलवली. तिला ते विचारायचं नव्हतं. डोळे पुसत तिनं वर माझ्याकडे बघितलं, कपाळावर तीच कालची आठी.

"आई, ते म्हणाले नव्हते," ती म्हणाली. "पण त्यांना तेच म्हणायचं होतं ना? मग मी बदललं का?"